पाला खाल्ला, तंटा मिटला

सोळाव्या शतकात भारतातले लोक चहाच्या पानांची तेल-लसूण घालून भाजी करत, असं लिन्शोतेन नावाच्या डच प्रवाशाने लिहून ठेवल्याचं हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतं. एकाने छापलं की दुसरा उचलतो, तिसरा त्यात कांदा घालतो. लिन्शोतेन गोव्यात राहिला होता हे खरं. १५८३ ते १५८८ या काळात तो तिथल्या आर्चबिशपचा कारकून होता, आणि १५९६ साली छापलेलं त्याचं पुस्तक वाचून डचांची आणि इंग्रजांची पावलं पूर्वेकडे वळली. पण त्या पुस्तकात चहा येतो तो जपानच्या वर्णनात. जपानी लोक जेवणानंतर एका वनस्पतीची पूड गरम पाण्यात घालून पितात आणि तिच्या भांड्यांचा फार बडेजाव करतात, असं ते वर्णन आहे. लसूण-तेल त्याला कुणी नंतर चिकटवलं असावं. लिन्शोतेन आसामात कधी गेला नाही, आणि गोव्याच्या बाजारात त्या काळी चहाचा हिरवा पाला येणार कुठून?

मी रत्नागिरीला शाळेत इतिहास शिकवला. मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगायची, की गोष्ट कुठली आहे ते आधी बघा, मग ती कितपत खरी ते बघा. चहाचा पाला खाण्याची गोष्ट खरीच आहे. फक्त ती गोव्याची नाही. ती ब्रह्मदेशची आहे आणि त्याला लागून असलेल्या डोंगरपट्ट्याची. युन्नान, उत्तर थायलंड, शान डोंगर, थेट आसामच्या पूर्व टोकापर्यंत हा पट्टा जातो. चहाचं झाड मूळचं याच भागातलं, त्यामुळे तिथल्या माणसांनी ते उकळण्याआधी चावून पाहिलं असेल तर नवल नाही.

मराठी माणूस मंडालेला जातो तो टिळकांसाठी. मीही त्याचसाठी गेले होते, आमच्या इथल्या एका मंडळाबरोबर. राजवाड्याच्या तटाच्या आत, जिथे टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षं काढली तिथे, नमस्कार करून झाला. दुपारी बाकीची मंडळी माणकं बघायला गेली. आमचा वाटाड्या तमिळ वंशाचा, तिसऱ्या पिढीचा, मोडकं हिंदी बोलणारा. तो मला ज़ेजो बाजारात घेऊन गेला. मी आदल्या रात्री त्याला विचारलं होतं, की तुमच्याकडे चहा खातात म्हणे. तो हसून म्हणाला होता, पितो तो फुकटचा, खातो तो विकतचा. त्याचा अर्थ बाजारात बसल्यावर कळला. तिथे कुठल्याही टेबलावर बिनदुधाच्या हिरव्या चहाची किटली ठेवलेलीच असते, तिचे पैसे कुणी मागत नाही. पैसे पडतात ते लाफेचे.

लाफे म्हणजे आंबवलेला चहाचा पाला. दुकानात मोठाल्या परातींमध्ये त्याचे काळपट हिरवे ढीग रचलेले असतात. एक साधा, एक तेलात माखलेला, एक हिरवी मिरची घातलेला, एक लिंबाचा. वास आंबूस, जरासा ओल्या गवताचा. दुकानातल्या म्हातारीने आमच्यापुढे लाखकाम केलेला गोल डबा ठेवला. आपल्याकडे जुन्या घरांतून पानाचा डबा असे, तसाच खणाखणांचा. मधल्या खणात लाफे. भोवतालच्या खणांत तळलेली लसूण, भाजलेले शेंगदाणे, भाजलेले तीळ, तळलेले वाल, सुके सोडे. मी चमचा शोधू लागले, तर तिने माझा हात धरला. तीन बोटांनी पाल्याची चिमूट घ्यायची, मग दुसऱ्या खणातलं काहीतरी, मग तिसऱ्यातलं, आणि तोंडातच काय ती मिसळण व्हायची. कालवायचं नाही. कालवून, कोबी-टोमॅटो घालून, वर लिंबू पिळून खायची पद्धत यांगूनची. मंडालेचे लोक त्याबद्दल बोलताना पुणेकर मुंबईच्या मिसळीबद्दल बोलतो त्या सुरात बोलतात.

पहिला घास कडू लागला. पाठोपाठ आंबट, मग तेल आणि लसूण, आणि सगळं गिळून झाल्यावर घशाशी हलकी गोडी. पानाचा धागा दातांखाली लागत होता, पण कोवळ्या माठाच्या देठाइतकाच. त्यावर तो फुकटचा चहा. ब्रह्मी लोकांत एक म्हण आहे, फळांत आंबा, मांसात डुकराचं आणि पानांत लाफे. आंब्याबाबत त्यांचं-आमचं एकमत असल्याने बाकीच्या दोन्हींबद्दल मी वाद घातला नाही.

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. चहा पितो तेव्हा पानातला काही भाग पाण्यात उतरतो आणि चोथा आपण गुलाबाच्या मुळाशी टाकतो. इथे पान अख्खंच पोटात जातं, कॅफीनसकट. तिथली कॉलेजची मुलं परीक्षेच्या रात्री लाफे खाऊन जागतात, हे मला वाटाड्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आदल्या दिवशी सांगायचं सोडून.

हा पाला येतो तो शान राज्याच्या उत्तरेकडून, नामसान या डोंगरमाथ्यावरच्या गावाच्या आसपासच्या मळ्यांतून. हा तावंगपेंग संस्थानाचा मुलूख. वस्ती पलाउंग लोकांची, ते स्वतःला ता-आंग म्हणवतात. त्यांच्यात सांगतात, की बाराव्या शतकातल्या अलाउंगसितु राजाने या डोंगरातल्या दोघा पारध्यांना चहाचं बी दिलं. राजाकडून काही घ्यायचं तर दोन्ही हात पुढे करायचे असा रिवाज, आणि यांनी घेतलं एका हाताने. राजा रागावला नाही, बी तेवढं रुजलं. बखरीतल्या गोष्टीला जितका मान द्यावा तितकाच हिला द्यावा. पण चहाच्या उगमाची गोष्ट सांगताना डोंगरातल्या माणसांना त्यात राजाचा हात हवासा वाटला, यातून माल खाली कुणाकडे जात होता ते कळतं.

लेस्ली मिल्न नावाची एक इंग्रज बाई या लोकांत जाऊन राहिली, त्यांची भाषा शिकली, आणि १९२४ साली तिने पलाउंगांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या काळच्या साहेबांच्या लिखाणात जो वरून बघण्याचा सूर असतो तो तिच्यात बराच कमी आहे. पलाउंगांचं सगळं जगणं चहाभोवती कसं फिरतं ते तिच्यामुळे समजतं. भात खालून, खोऱ्यातून विकत यायचा, कारण डोंगरउतार चहाने व्यापलेले. म्हणजे चहा विकला गेला तर चूल पेटायची.

पाला करायची रीत अजूनही फारशी बदललेली नाही. सगळ्यात चांगली पानं पावसाआधीची, एप्रिलची, ब्रह्मी नववर्षाच्या पाण्याच्या सणाच्या आगेमागे खुडलेली. टोकाची कळी आणि तिच्याखालची कोवळी पानं. खुडली की त्याच दिवशी वाफवायची. खाली कढईत पाणी उकळतं, वर बुडाला भोकं असलेलं लाकडी पिंप, त्यात पानं काही मिनिटंच. या वाफेवर पुढचं सगळं अवलंबून. तिने पानातली काळं पडण्याची क्रिया थांबते, म्हणून लाफे हिरवट राहतं. तीच पानं न वाफवता मळून ठेवली तर आपल्या पुडीतल्या चहाच्या वाटेला लागतात. वाफवलेली पानं चटईवर हाताने मळायची, म्हणजे ती मऊ पडतात आणि पाणी सोडतात. मग बांबूने किंवा पानांनी आतून मढवलेल्या खड्ड्यात, नाहीतर मोठ्या टोपल्यांत, दाबून दाबून भरायची आणि वर दगड. हवा आत राहिली की बुरशी आलीच. हवा नसली की आंबवणारे जंतू आपलं काम करतात आणि पानाचा तुरटपणा उतरतो. तीन-चार महिन्यांनी उघडायचं. चांगला माल त्याहून जास्तही ठेवतात. उघडल्यावर धुवायचा, पुन्हा मळायचा, पिळायचा, जून देठ काढायचे, तेल-मीठ लावायचं. लोणचं घालणाऱ्या कुठल्याही बाईला यातली निम्मी कामं सांगावी लागणार नाहीत.

आणि इथेच मला खाण्याच्या चहाचं मर्म दिसतं. असा दाबलेला पाला महिनोन् महिने टिकतो, भिजला तरी बिघडत नाही. वाळवलेल्या चहाला ओल लागली की तो गेला. नामसानहून माल उतरायचा तो बैलांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून, पावसाळी रस्त्यांनी. मंडाले-लाशो रेल्वे आणि गोकटेकचा तो उंच पूल विसाव्या शतकाच्या तोंडाशी झाला, त्याआधी दुसरं साधन नव्हतं. टोपलीतलं लाफे ओलं निघायचं, ओलं पोचायचं आणि गावोगावच्या घरांत मडक्यांतून वर्षभर पडून राहायचं. जे प्रत्येक घरात बारा महिने हाताशी असतं तेच देण्याघेण्याला उपयोगी पडतं. म्हणून ब्रह्मदेशात आमंत्रणं लाफेची गेली. मुलाला काही दिवसांसाठी भिक्षू करण्याचा सोहळा असो, मुलीचे कान टोचणं असो की लग्न असो, निरोप्या घरोघर लाफेची पुडी पोचवायचा. पुडी ठेवून घेतली की येणार म्हणून समजायचं.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते न्यायाचं. राजांच्या काळात ब्रह्मदेशात दिवाणी तंटा बहुधा पंचांपुढे किंवा नेमलेल्या न्यायाधीशापुढे जायचा. दोन्ही बाजू ऐकून निवाडा सांगितला जायचा, आणि तो सांगून झाल्यावर वादी-प्रतिवाद्यांपुढे लाफे ठेवलं जायचं. दोघांनी खाल्लं की तंटा संपला. एकदा खाल्ल्यावर तोच वाद पुन्हा उकरून काढता येत नसे. ज्याला निवाडा मान्य नसेल त्याने खायचं नाही आणि दाद मागायला वरच्या पायरीवर जायचं, अगदी राजधानीतल्या लुट्टो या राजमंडळापर्यंत. कागदावर सही नाही, मोहोर नाही. चिमूटभर आंबट पाला चारचौघांसमोर तोंडात घातला की तोच दस्तऐवज. इंग्रज आल्यावर त्यांच्या न्यायाधीशांनाही काही काळ ही गोष्ट लक्षात घ्यावी लागली. पंचनिवाडा दोन्ही बाजूंनी मानला होता की नाही, हे ठरवताना लाफे खाल्लं होतं का, असा प्रश्न येई.

मराठेशाहीतला न्याय शिकवताना मी मुलांना येजितखत समजावून सांगत असे. गोतसभेत, म्हणजे पंचांपुढे, हरलेल्या पक्षाने आपण हरलो असं लिहून द्यायचं, आणि जिंकलेल्याला जयपत्र मिळायचं. मुलं दरवर्षी एकच विचारायची: बाई, हरलेला माणूस असं लिहून कशाला देईल? प्रश्न बिनतोड होता. लिहून देणं म्हणजे नाक घासणं, आणि ते कागदावर पिढ्यान् पिढ्या राहायचं. लाफेमध्ये हरलेला आणि जिंकलेला एकाच डब्यात हात घालतात. दोघांची कृती तीच. मला विचाराल तर हरणाऱ्याच्या बाजूने ब्रह्मी पद्धत बरी. आमची पद्धत इतिहास लिहिणाऱ्यांच्या बाजूने बरी, कारण येजितखतं दप्तरांत सापडतात आणि खाल्लेला पाला काही सापडत नाही.

१८५५ साली फेअर या इंग्रज अधिकाऱ्याच्या शिष्टमंडळाबरोबर ब्रह्मदेशच्या मिंडॉन राजाच्या दरबारी गेलेल्या हेन्री यूलने या लोणच्याच्या चहाची नोंद केली आहे. पुढे वसाहतीच्या गॅझेटियरांमध्येही तो येतो, माल म्हणून. मिंडॉनचा मुलगा थिबा. त्याचं राज्य नोव्हेंबर १८८५ मध्ये पंधरवड्याच्या लढाईत बुडालं, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये तो आमच्या गावी येऊन पोचला. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आम्हा रत्नागिरीकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. पाहुणा आला की दाखवायला नेतो, एरवी वर मान करून बघत नाही. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला, त्याची समाधीही इथेच. त्याच्यावर खटला कधी चालला नाही. ज्या देशात म्हशीच्या वादातसुद्धा दोन्ही बाजू ऐकून मग पाला पुढे ठेवत, त्याच्या राजाला कुणी काही विचारलं नाही. त्याला बैलगाडीत घातलं, मग जहाजात.

चीनबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे पिणं जिंकलं आणि खाणं डोंगरात उरलं. आठव्या शतकात लू यूने चहावरचा पहिला ग्रंथ लिहिला, त्यात तो चहात कांद्याची पात, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळणाऱ्यांवर तुटून पडला आहे. असलं पाणी गटारात ओतायच्या लायकीचं, असं त्याचं म्हणणं. याचा सरळ अर्थ असा, की त्याच्या आजूबाजूचे बहुतेक लोक तेच करत होते. आल्याच्या चहाशिवाय ज्याची सकाळ होत नाही त्याने लू यूच्या वाटेला जाऊ नये. नवव्या शतकातल्या दुसऱ्या एका चिनी नोंदीत युन्नानचे लोक चहा मिरी, आलं आणि दालचिनी घालून शिजवतात असं आहे. त्याच युन्नानच्या दक्षिण टोकाला जिनो लोक आजही ताजा पाला हाताने चुरडून त्यात मीठ, मिरची, लसूण आणि झऱ्याचं पाणी घालून कालवणासारखा खातात. बुलांग लोक तो बांबूच्या नळीत भरून जमिनीत पुरतात. बुलांगांच्या जिंगमाई डोंगरातली जुनी चहाची जंगलं २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

उत्तर थायलंडमध्ये याच पाल्याचं नाव मियांग. तिथे तो जेवणात येत नाही, गालात राहतो. वाफवलेल्या पानांच्या जुड्या बांधून महिनोन् महिने आंबवतात. मग एकदोन पानं उलगडायची, आत मिठाचा खडा, आल्याचा तुकडा, हवं तर भाजलेलं खोबरं, आणि घडी करून गालात. शेतावरचा माणूस दुपारच्या उन्हात हेच चघळतो. घरी कुणी आलं, कुणाकडे मयत झालं, की मियांगचं ताट पुढे येतं. ही झाडं मळ्यात रांगेने लावत नाहीत, जंगलाच्या सावलीतच वाढवतात, त्यामुळे चहा आहे तिथे वरचं रानही टिकलं. आता तिथली तरुण मंडळी मियांग फारसा खात नाहीत. मागणी घटली तशी त्याच सावलीत कॉफी लागायला लागली.

आणि आसाम. रॉबर्ट ब्रूस नावाचा व्यापारी १८२३ मध्ये सिंगफो सरदार बेसा गाम याला भेटला, ही हकीकत शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत येते, जणू ब्रूसने चहा शोधला. शोधायला तो हरवला कुठे होता? चार्ल्टन या लष्करी अधिकाऱ्याने नंतर स्पष्ट लिहिलं, की सिंगफो आणि खामती लोक पानं तोडून, देठ-शिरा काढून, उकडून, पिळून त्यांचे गोळे करतात आणि उन्हात वाळवून ठेवतात. उकडायचं आणि पिळायचं, नामसानच्या कामातले दोन टप्पे तर सरळच दिसतात. फक्त इथे शेवट पेल्यात व्हायचा. कलकत्त्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आधी ते झाड चहाचं मानलंच नाही. डिसेंबर १८३४ मध्ये सरकारी चहा समितीने ते अस्सल असल्याचं कळवलं. तोवर ज्यांच्या घरात तो होता त्यांना कुणाच्या दाखल्याची गरज पडली नव्हती. पुढे त्यांच्या जमिनीवर मळे आले, आणि आपण दुधासाखरेचा उकाळा प्यायला लागलो, तोही जाहिरातवाल्यांनी विसाव्या शतकात घरोघर, स्टेशनोस्टेशनी येऊन पाजल्यावर. आमची आजी चहाला शेवटपर्यंत ‘ते साहेबाचं पाणी’ म्हणायची आणि दोनदा प्यायची.

लाफेच्या धंद्याला अलीकडे दोन धक्के बसले. २००९ मध्ये म्यानमारच्या आरोग्य खात्याने ४३ ब्रँडच्या लाफेमध्ये ऑरामाइन नावाचा पिवळा रंग सापडल्याचं जाहीर केलं. हा रंग कापड-कागदाचा, पोटात घालायचा नाही. पाला ताजा आणि हिरवागार दिसावा म्हणून घाऊक व्यापाऱ्यांनी तो वापरला होता. आग्नेय आशियातल्या काही देशांनी लगेच त्याची विक्री थांबवली, आणि डोंगरातल्या ज्या बायांनी पानं खुडली त्यांचा माल पडून राहिला, त्यांनी कुठलाच रंग घातलेला नसताना. मला विचाराल तर काळपट लाफेच खरं. रंगाला भुलणारं गिऱ्हाईक तयार झालं की रंगवणारा व्यापारी येतोच, हे हापूसच्या पेट्या विकणाऱ्या गावात कुणाला सांगायला नको.

दुसरा धक्का युद्धाचा. डिसेंबर २०२३ मध्ये ता-आंगांच्या सशस्त्र संघटनेने लष्कराकडून नामसान जिंकून घेतलं. त्याआधी आणि नंतर तिथे बॉम्ब पडले, रस्ते तुटले. खुडायला माणसं मिळेनात, आणि खुडलेलं मंडालेपर्यंत न्यायचं तर वाटेत वेगवेगळ्या सैन्यांचे नाके लागू लागले.

इकडे मुंबईत मात्र फोर्ट भागात २०१४ पासून ब्रह्मी जेवण मिळायला लागलं, आणि चहाच्या पानांची ती कोशिंबीर, सोडे वगळून, आपल्या शाकाहारी लोकांनी आवडीने उचलली. माझी भाची मला तिथे जेवायला घेऊन गेली. पदार्थ आला तो यांगूनच्या पद्धतीचा, सगळं एकत्र कालवायचा. भाची कालवायला लागली तशी मी तिला थांबवलं, माझ्या वाटणीचा पाला आणि लसूण-दाणे बाजूला काढून घेतले आणि तीन बोटांनी खाल्ले. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. भाची म्हणाली, मावशी, चमचा आहे ना. मी म्हटलं, तू खा चमच्याने. पण दुपारचंच खा, रात्री नको.